वाचनालयाचं सभासदत्व घ्यावं का?

नवाठाणेकर: नुकतेच ठाण्यात राहायला आलोय. पुस्तकं ऑनलाइन मागवतो, फोनवरही वाचतो. तरी वाचनालयाची वर्गणी भरावी का?

वाचनवेडी: नक्की भरा! आपल्या ठाण्यातलं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 सालचं आहे, मुंबईच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाच्याही 5 वर्षं आधीचं. ऑनलाइन तुम्ही जे शोधता तेच मिळतं. कपाटासमोर उभं राहिलं की न शोधलेलं हाती लागतं. मी शेतीवरचं पुस्तक घ्यायला गेले आणि शेजारचं जुन्या किल्ल्यांवरचं घेऊन आले. त्याच्या समासात कुणीतरी पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलेलं, ‘ही वाट आता बुजली आहे’. त्या अनोळखी वाचकाचा मला फार आधार वाटला, का ते सांगता येत नाही. शिवाय छपाई बंद झालेली, दुकानात कुठेच न मिळणारी पुस्तकं इथेच सापडतात.

पेपरवाला_काका: मला मुक्तद्वार विभाग, म्हणजे सगळ्यांसाठी खुली वाचनाची जागा, प्रिय. सभासद नसलात तरी चालतं. सकाळी 4-5 पेपर एका बैठकीत वाचून होतात, एकच बातमी प्रत्येकाने कशी मांडलीय ते कळतं.

नवाठाणेकर: अनामत किती लागते? आणि दिवाळी अंक मिळतात का?

वाचनवेडी: अनामत योजनेप्रमाणे बदलते, काउंटरवर विचारा, सभासदत्व सोडताना ती परत मिळते. दिवाळी अंकांसाठी बहुतेक वाचनालयांत वेगळी वर्गणी असते. नाव लवकर नोंदवा, चांगल्या अंकांवर उड्या पडतात. आणि मुलांना सोबत न्याच, त्यांना स्वतःच्या हाताने निवडू द्या.