घरच्या गेमिंग संगणकासाठी कोणती लिनक्स घ्यावी?

परभणीकर: विंडोज १० चे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आणि आमच्या रायझन ५ १६०० प्रोसेसरला विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. ग्राफिक्स कार्ड एनव्हिडियाचे आरटीएक्स ३०६० आहे. मुलगा व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक २ खेळतो. वीज अधूनमधून जाते. विंडोजऐवजी लिनक्स या कार्यप्रणालीचा कोणता प्रकार सुचवाल?

लातूरकर: आधी खेळांचे पाहा. काउंटर-स्ट्राइक २ लिनक्सवर थेट चालतो, पण व्हॅलोरंटची व्हॅनगार्ड ही फसवणूकरोधक यंत्रणा लिनक्सवर चालतच नाही. त्यामुळे तो खेळ सुटेल, हे मुलाला आधीच सांगितलेले बरे. विंडोजसाठीचे इतर बरेच खेळ लिनक्सवर चालवणारे प्रोटॉन हे साधन वाल्व कंपनीने २०१८ मध्ये आणले; त्यामुळे ते खेळ वाल्वच्याच स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानातून चालतात. प्रत्येक खेळ कितपत चालतो ते प्रोटॉनडीबी या संकेतस्थळावर तपासून घ्या.

नांदेडकर: मी फेडोरा या लिनक्सच्या प्रकारावर आधारलेली बॅझाइट सुचवेन. एनव्हिडियाच्या ड्रायव्हरसह (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरसह) तिची वेगळी प्रत मिळते आणि स्टीम आधीच बसवलेले असते. मुख्य म्हणजे अद्यतनानंतर काही बिघडलेच, तर संगणक सुरू होताना येणाऱ्या यादीतून आधीची आवृत्ती निवडता येते. मात्र अचानक वीज गेल्यास डिस्कला धोका राहतोच, म्हणून यूपीएस घ्याच.

जालनेकर: बॅझाइटची अद्यतने बरीच मोठी असतात. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर भागवत असाल, तर लिनक्स मिंट घ्या. तिथे ‘ड्रायव्हर मॅनेजर’ उघडून एनव्हिडियाचा शिफारस केलेला ड्रायव्हर निवडला की झाले. कोणतीही घ्या, पण डिस्क पुसण्यापूर्वी पेनड्राइव्हवरून मिंट चालवून वायफाय आणि आवाज तपासा.