मदत हवी आहे: फॉस्फेट चाचणीत ब्लँकच निळा होतोय (ॲस्कॉर्बिक ॲसिड पद्धत)

काचनळी:
पाण्यातलं विद्राव्य फॉस्फेट मॉलिब्डेनम ब्लू पद्धतीने मोजतोय (फॉस्फेट आणि मॉलिब्डेटचं संयुग क्षपित झालं की निळा रंग येतो, जितकं फॉस्फेट तितका गडद). क्षपणक, म्हणजे क्षपण (reduction) घडवणारा पदार्थ, म्हणून ॲस्कॉर्बिक ॲसिड. अडचण अशी की ब्लँकसुद्धा (तुलनेसाठी घेतलेलं, फॉस्फेट नसलेलं पाणी) निळा होतो आणि निळाई वाढतच राहते. 880 नॅनोमीटरला, 1 सेंमीच्या क्युव्हेटमध्ये (मोजणीची चौकोनी नळी) प्रकाश शोषणाचं रीडिंग: 10 मिनिटांनी 0.06, 30 मिनिटांनी 0.14, तासाभराने 0.27.

द्रावणं:
सल्फ्युरिक ॲसिड: 35 मिलि कॉन्सन्ट्रेटेड, पाण्याने 500 मिलि
अमोनियम मॉलिब्डेट: 20 ग्रॅम, 500 मिलि
पोटॅशियम अँटिमनिल टार्ट्रेट: 1.37 ग्रॅम, 500 मिलि
ॲस्कॉर्बिक ॲसिड: 1.76 ग्रॅम, 100 मिलि, ताजं

याच क्रमाने 50, 15, 5 आणि 30 मिलि मिसळलं. 50 मिलि नमुन्याला त्यातलं 8 मिलि. काचसामान सौम्य हायड्रोक्लोरिकने धुतलेलं आहे, डिस्टिल्ड वॉटर बदलूनही पाहिलं. ॲस्कॉर्बिक जास्त होतंय का? कमी करू?

द्रावणकार:
ॲस्कॉर्बिकला हात लावू नका. तुमचं सल्फ्युरिक निम्मं आहे. कॉन्सन्ट्रेटेड आम्ल साधारण 36 नॉर्मल (मोलरसारखंच तीव्रतेचं एकक) असतं, त्यामुळे 35 मिलिचं 500 केल्यावर 2.5 नॉर्मल होतं. या पद्धतीला 5 नॉर्मल लागतं, म्हणजे 500 मिलिला 70 मिलि. मर्फी आणि रायली यांच्या 1962 च्या पद्धतीवर आधारलेल्या प्रमाणित कृतींत हाच आकडा असतो. (2.5 मोलर आणि 5 नॉर्मल ही सल्फ्युरिकची एकच तीव्रता. बाटलीवर एकक लिहिलेलं नसेल तर इथेच घोळ होतो.)

आम्लावर इतकं का अडतं ते सांगतो. ॲस्कॉर्बिक सौम्य क्षपणक आहे. आम्ल पुरेसं असेल तर ते फॉस्फेटशी बांधलेल्या मॉलिब्डेटलाच क्षपित करतं, मोकळ्या मॉलिब्डेटला नाही. सगळी पद्धत या निवडीवर उभी आहे. आम्ल कमी पडलं की मोकळं मॉलिब्डेटही हळूहळू क्षपित होतं आणि फॉस्फेट नसतानाही निळा रंग येतो. योग्य प्रमाणात केलेल्या मिश्रणात हायड्रोजन आयन आणि मॉलिब्डेनमचं मोल गुणोत्तर 74 च्या आसपास येतं. तुमच्याकडे ते 37 आहे.

तुमची रीडिंग्जही हेच सांगतात. पाण्यात किंवा काचेवर फॉस्फेट असतं तर ब्लँक दहा-पंधरा मिनिटांत एका आकड्यावर टेकला असता. सतत चढणारा ब्लँक म्हणजे मॉलिब्डेटचं थेट क्षपण. ब्लँक बिघडला की एकच रीडिंग घेऊन थांबू नका, तासभराची रीडिंग्ज घ्या. कारण लगेच कळतं.

ॲस्कॉर्बिक कमी केल्याने ही क्रिया फक्त मंदावेल आणि स्टँडर्डचा (फॉस्फेटचं प्रमाण माहीत असलेल्या द्रावणाचा) रंगही उशिरा येईल. फॉस्फेटच्या मानाने ते कितीतरी जास्त असतं आणि तसंच हवं.

नवं आम्ल करताना साधारण 400 मिलि पाण्यात आम्ल थोडं थोडं ओता, भांडं थंड पाण्यात ठेवून. पाणी आम्लात कधीही ओतू नका. गार झाल्यावरच 500 च्या खुणेपर्यंत भरा.

मोलमाप:
द्रावणकार यांच्याशी सहमत. मिसळण्याचा क्रमही बदला: आधी आम्ल 50, मग अँटिमनी 5, मग मॉलिब्डेट 15, शेवटी ॲस्कॉर्बिक 30. सगळी द्रावणं खोलीच्या तापमानाला आणून, प्रत्येक भर घातल्यावर ढवळा. गढूळ झालं तर हलवून काही मिनिटं थांबा, निवळल्यावरच पुढचं घाला. हे मिश्रण चार तासच टिकतं. बाटलीतच निळसर दिसलं तर टाकून द्या.

अँटिमनी वगळण्याचा मोह नको. ते फॉस्फेट-मॉलिब्डेटच्या संयुगातच सामील होतं आणि त्यामुळे रंग साध्या तापमानाला दहा मिनिटांत पूर्ण येतो. त्याच्याशिवाय तापवावं तरी लागतं किंवा फार वाट पाहावी लागते. रीडिंग 10 ते 30 मिनिटांच्या आत घ्या. अँटिमनी विषारी आहे, उरलेलं सिंकमध्ये ओतू नका.

नव्या आम्लाने लिटरला 1 मिलिग्रॅम फॉस्फरसच्या स्टँडर्डचं रीडिंग 0.6 च्या आसपास यायला हवं. स्टँडर्ड फॉस्फरस म्हणून धरलाय की फॉस्फेट म्हणून, तेही तपासा. दोन्हींत 3.07 पटीचा फरक आहे.

काचनळी:
आम्ल बदललं. ब्लँक आता स्थिर आहे, स्टँडर्डही सरळ रेषेत येतात. दोघांचे मनापासून आभार. अजून दोन शंका: ॲस्कॉर्बिक रोज नवं करावं लागेल का? आणि काही नमुने सल्फ्युरिक घालून साठवलेले आहेत, ते तसेच चालतील?

मोलमाप:
ॲस्कॉर्बिक 4 अंशाला, गडद बाटलीत आठवडाभर चालतं. हवेतल्या ऑक्सिजनने त्याचं डीहायड्रोॲस्कॉर्बिक होतं आणि तांब्याचा अंश असेल तर फार झपाट्याने. म्हणून पाणी चांगलं घ्या, धातूचा चमचा टाळा. पिवळं पडलं की वापरू नका.

आम्ल घातलेले नमुने तसेच घेतले तर आता उलटी अडचण येईल. आम्ल जास्त झालं की संयुग नीट बनत नाही, रंग उशिरा आणि कमी येतो, उत्तर खोटं कमी. फिनॉल्फ्थॅलिनचा (आम्ल-अल्कली दाखवणारा दर्शक) एक थेंब टाका, जेमतेम गुलाबी होईपर्यंत सोडियम हायड्रॉक्साइड घाला, मग 5 नॉर्मल सल्फ्युरिकच्या एक-दोन थेंबांनी रंग घालवा. वाढलेलं आकारमान हिशेबात धरा. मात्र आम्लाने बांधील फॉस्फेटही थोडं सुटलेलं असू शकतं, त्यामुळे तो आकडा निव्वळ विद्राव्य फॉस्फेट म्हणून देऊ नका.

द्रावणकार:
नमुना मुळातच रंगीत किंवा गढूळ असेल तर त्याचा वेगळा ब्लँक घ्या: सगळं घाला, फक्त ॲस्कॉर्बिक आणि अँटिमनी नको. ते रीडिंग वजा करा. आणि पाण्यात आर्सेनेट असण्याची शक्यता असेल तर आधीच सांगा. तेही असाच निळा रंग देतं, त्याला मॉलिब्डेट घालण्यापूर्वी थायोसल्फेटने आर्सेनाइटमध्ये उतरवावं लागतं.