मदत हवी आहे : रविवारी रेस, कोणती इलेक्ट्रोलाइट (क्षारांची) पावडर घेऊ?

वर्धेकर : रविवारी सायकलची रोड रेस आहे. काल सरावात शेवटी मळमळ, घरी आल्यावर उलटी, डोकं अजून ठणकतंय. पाणी भरपूर पितो, त्यावर लेक्चर नको. पावडरचं नाव सांगा, आजच मागवायचीय.

घाटवाटा : किती किमी? किती वाजता निघालात? काहीच न सांगता नाव कसं सांगणार?

सायकलवेडी : पावडर नकोच. कोकम सरबत आणि सैंधव. बोरघाट चढताना मी तेच घेते.

घाटवाटा : ताई, लोणावळ्याची हवा वेगळी, वर्ध्याचा एप्रिल वेगळा. आणि सरबतात मीठ दर वेळी कमीजास्त पडतं. ओआरएसचं पाकीट एक लिटर पाण्यात, विषय संपला.

 

जुनाखेळाडू : पाणीच कमी पडतंय. १९६७च्या टूर द फ्रान्समध्ये ब्रिटिश सायकलपटू टॉम सिम्पसन माँ व्हाँतू डोंगराच्या चढावर कोसळून गेला, तेव्हा पाण्याच्या बाटल्यांवर मर्यादा असायची. तहान लागो न लागो, दर दहा मिनिटांनी प्यायचं.

घाटवाटा : त्याच्या रक्तात अँफेटामाइन हे उत्तेजक आणि दारूही सापडली होती, काका. अर्धीच गोष्ट सांगू नका.

शुश्रूषा : मी स्पर्धांच्या वैद्यकीय पथकात असते. वर्धेकर, एकूण किती लिटर प्यायलात? मीठ काही? आधी-नंतर वजन केलंत? बोटं सुजली होती का?

वर्धेकर : ११० किमी, आठ ते साडेबारा. साधं पाणी, सहा लिटर तरी. वजन ६२चं ६३ भरलं. हो, अंगठी निघत नव्हती. पण पावडर कोणती?

शुश्रूषा : पावडर राहू द्या. साडेचार तास उन्हात सायकल मारून वजन घटायला हवं, तुमचं वाढलंय. घामापेक्षा पाणी जास्त गेलं की रक्तातलं सोडियम उतरतं, मेंदूला सूज येऊ शकते, झटके येतात. डोकं अजून दुखतंय ना? आत्ता दवाखान्यात जा, सोबत कुणाला तरी न्या. तिथे पोचेपर्यंत आणखी साधं पाणी पिऊ नका.

जुनाखेळाडू : आम्ही आयुष्यभर असंच प्यायलो, काही झालं नाही.

शुश्रूषा : तुमचा घाम तेवढा जात असेल. यांना मात्र तो सल्ला जिवावर बेतेल. तहान लागेल तसं प्यायचं. उलट प्रकारही मी पाहते : रायडर बरळतो, झोकांड्या खातो, अंग भाजत असतं. तो उष्माघात. तिथे आधी बर्फाच्या पाण्यात बुडवून गार करायचं, मग ॲम्ब्युलन्स हलवायची.

सायकलवेडी : रेस सुटते किती वाजता? यूसीआयने, म्हणजे आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेनेसुद्धा २०२४पासून उष्णतेचे नियम आणलेत, फार तापलं तर सुरुवातीची वेळ बदलता येते.

वर्धेकर : साडेदहाला. उद्घाटनाला पाहुणे आहेत म्हणे.

सायकलवेडी : विदर्भात एप्रिलमध्ये साडेदहा? सगळ्यांनी मिळून आयोजकांना आजच लिहा, सहाला सोडा म्हणावं.

वर्धेकर : सोडियमच्या तपासणीला उपाशी राहावं लागतं का?

शुश्रूषा : नाही. निघा.