कृषी केंद्रावर दावा झाला तर वकिलाचा खर्च विम्यातून निघतो का? सल्ला हवा

प्रश्न : कृषी केंद्रचालक, दारव्हा तालुका
नमस्कार मंडळी. माझे बियाणे, खते आणि कीटकनाशकांचे दुकान आहे. गेल्या खरिपात शेजारच्या गावातील केंद्रचालकाला, सोयाबीन उगवले नाही या तक्रारीवरून, कंपनीसोबत पक्षकार करण्यात आले आणि जिल्हा ग्राहक आयोगाची नोटीस आली. निकाल अजून लागायचा आहे. पण वकिलाची फी, नकला आणि दर तारखेला दुकान बंद ठेवून यवतमाळची फेरी यांतच त्याची हंगामाची कमाई गेली. माझ्याकडे दुकानाचा आग-चोरीचा विमा आहे आणि एजंट म्हणतो की त्यात सगळे येते. खरेच येते का?

उत्तर : विमा सल्लागार, अमरावती
भाऊ, आग-चोरीचा विमा आपल्या मालाचे नुकसान भरून देतो; दुसऱ्याने आपल्यावर केलेला दावा त्यात येत नाही. दुकानदारांच्या पॅकेज पॉलिसीत सार्वजनिक दायित्वाचा विभाग असू शकतो, पण त्याचा हप्ता भरला असेल तरच तो लागू होतो. दुकानात कोणी घसरून पडले तर तो विभाग कामी येतो. विकलेल्या मालामुळे एखाद्याला इजा झाली किंवा त्याच्या मालमत्तेचे नुकसान झाले, तर उत्पादन दायित्व विमा लागतो. थप्पीवरून हमाल पडला, तर कर्मचारी नुकसानभरपाईची पॉलिसी वेगळी घ्यावी लागते.

दायित्व विम्यात भरपाईबरोबर बचावाचा खर्चही, म्हणजे वकिलाची फी आणि तज्ज्ञांचे अहवाल, सहसा धरलेला असतो; मात्र तो करण्यापूर्वी कंपनीची लेखी संमती घ्यावी लागते. हा खर्च बहुतेक वेळा विम्याच्या रकमेतूनच वजा होतो. मर्यादा १० लाखांची असेल आणि वकिलावर २ लाख गेले, तर भरपाईसाठी ८ लाखच उरतात. दंड आणि फौजदारी शिक्षा यांचा भार विमा उचलत नाही.

आता कटू भाग. माल अपेक्षेप्रमाणे काम करत नाही, म्हणजे बियाणे उगवले नाही किंवा औषधाने कीड मेली नाही, ही तक्रार उत्पादन दायित्व पॉलिसीत बहुधा वगळलेली असते. ज्या भीतीने आपण विम्याचा विचार करत आहात, नेमकी तीच बाहेर राहू शकते. म्हणून एजंटकडून माहितीपत्रक घेण्याऐवजी पॉलिसीचा मसुदा मागा आणि अपवादांची पाने आधी वाचा.

उत्तर : वकील, यवतमाळ
बियाणे घेणारा शेतकरी हा ग्राहकच आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये स्पष्ट केले आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ८६ नुसार विक्रेत्यावर उत्पादन दायित्व काही ठराविक परिस्थितीतच येते : त्याने स्वतःहून वेगळी हमी दिली, उत्पादक कोण हेच कळत नाही, किंवा धोक्याची सूचना ग्राहकापर्यंत पोचवली नाही, अशा प्रकारची. त्यामुळे "शंभर टक्के उगवेल, माझी गॅरंटी" असे बोलू नका आणि बिलावर लॉट नंबर व शेतकऱ्याची सही घ्या. लेखी जबाबासाठी ३० दिवस आणि फार तर १५ दिवसांची वाढ मिळते; त्यानंतर आयोग मुदत देऊ शकत नाही, असा घटनापीठाचा २०२० चा निर्णय आहे. विमा कंपनीला कळवण्याचे काम या ४५ दिवसांतच उरकावे लागते, म्हणून नोटीस ज्या दिवशी येईल त्याच दिवशी तिची प्रत पाठवा.

उत्तर : कृषी केंद्रचालक, वाशिम जिल्हा
माझी चूक सांगतो, ती आपण करू नका. फवारणीनंतर एका मजुराला त्रास झाला म्हणून मला वकिलामार्फत नोटीस आली. मी भलेपणाने स्वतःच उत्तर लिहिले आणि "आमच्याकडून चूक झाली असल्यास भरपाई देऊ" असे त्यात घातले. नंतर पॉलिसी काढून पाहिली, तर संमतीशिवाय जबाबदारी मान्य करू नये अशी अट स्पष्ट छापलेली होती. कंपनीने त्याच वाक्यावर बोट ठेवले. पुढे प्रकरण मिटले, पण वकिलाची फी मला खिशातून द्यावी लागली.

प्रश्नकर्ता :
सर्वांचे आभार. आज दुपारी पॉलिसी काढून पाहिली. सार्वजनिक दायित्वाचा विभाग छापलेला आहे, पण त्याच्यापुढे हप्त्याच्या रकान्यात नुसती आडवी रेघ आहे. सोमवारी एजंटला बोलावले आहे. उत्पादन दायित्वाचा मसुदा आणि हमालांच्या पॉलिसीचा दर, दोन्ही लेखी मागणार आहे. तोपर्यंत बिलांवर सह्या घ्यायला सुरुवात केली आहे.