मदत हवी आहे: स्टेंटच्या स्ट्रटजवळचा प्रवाह आणि धमनीच्या भिंतीतला ताण

नमस्कार मंडळी. पुसद तालुक्यातल्या कॉलेजात प्रोजेक्ट सुरू आहे: कॉम्प्युटर मॉडेलवर स्टेंटच्या (धमनी उघडी ठेवणाऱ्या जाळीदार नळीच्या) 80 आणि 140 मायक्रॉन जाडीच्या स्ट्रटची, म्हणजे जाळीच्या काड्यांची, तुलना. धमनी 3 मिमी, सरासरी वेग 0.2 मी/से, रक्ताची घनता 1060 किलो/घनमीटर, स्निग्धता 0.0035 पास्कल-सेकंद. मोकळ्या नळीत भिंतीवरचा घर्षणताण 1.87 पास्कल येतो, सूत्राशी जुळतो.

अडचण स्ट्रटपाशी आहे. जाड चौकोनी स्ट्रटच्या मागे रक्त उलटं फिरतं, घर्षणताण 0.5 पास्कलखाली जातो. अशा जागी आतलं अस्तर उशिरा भरतं, म्हणून हाच भाग अचूक यायला हवा. पण मेश (गणितासाठी पाडलेले बारीक तुकडे) 20 वरून 10 मायक्रॉन केली की कमी ताणाचं क्षेत्र बदलतं. सरासरी मात्र जागची हलत नाही, तिच्यावर विसंबता येत नाही. भिंतीपाशी मेशचे किती थर द्यावेत?

दुसरं, स्टेंट 3.3 मिमीपर्यंत फुगवला की स्ट्रटच्या टोकाखाली भिंतीतला ताण मेश बारीक करावी तसा वाढतच जातो. कोपरा धारदार आहे म्हणून. गोलाई किती मायक्रॉन द्यावी? की कमाल ताण सोडून 99 वा पर्सेंटाइल (99 टक्के ताण ज्याच्या खाली येतात ती किंमत) धरावा?

मशीन 16 जीबी रॅमचं, त्यात लाईट केव्हाही जाते. स्टेंटचं एकच कडं घेऊन चालवलं तर स्टेंटच्या टोकांचा परिणाम कितपत हिशेबाबाहेर राहील?