मदत हवी आहे: शाळेत नेण्याच्या सागरविज्ञान पेटीतला खारट-गोड्या पाण्याचा प्रयोग

संग्रहालयातली सागरविज्ञान पेटी तिसरी-चौथीच्या वर्गात न्यायची आहे. एका गटात 5 मुलं, तास 40 मिनिटांचा. शंख-शिंपले, भिंग, समुद्री शैवाल हे सगळं बिनबोभाट चालतं. अडतं ते घनतेच्या प्रयोगाशी.

पारदर्शक डब्यात मधोमध प्लास्टिकची पट्टी. एका बाजूला निळं खारं पाणी, दुसऱ्या बाजूला पिवळं गोडं. पट्टी काढली की निळं तळाशी सरकायला हवं. समुद्राइतकं, म्हणजे लिटरला 35 ग्रॅम मीठ घेतलं तर घनतेत जेमतेम अडीच टक्के फरक पडतो. पट्टी जरा झटक्यात ओढली की सगळं हिरवं! 100 ग्रॅमला थर स्वच्छ दिसतात, पण मग मुलं समुद्र तेवढाच खारट समजतात, आणि ते मला पटत नाही. (बारीक टेबल मिठाने पाणी गढूळ होतं, त्यातल्या गुठळ्या न होऊ देणाऱ्या पदार्थामुळे. जाडं मीठ बरं.)

दोन्ही पाणी एकाच तापमानाचं हवं, नाहीतर फरक मिठाचा की उष्णतेचा हे कळत नाही.

विचारायचं ते असं: पट्टीच्या कडेला खेळण्यातली चिकणमाती लावली तर गळती थांबते, पण ओढताना ती अडकते. दुसरं काय लावता? की पट्टी सोडून, तळाला टाचणीने भोकं पाडलेला खाऱ्या पाण्याचा कागदी कप गोड्या पाण्यात टेकवावा? 35 ग्रॅमवर कोणी करून पाहिलंय का? भोकं किती पाडली तेही सांगा.