डी क्वेर्वेन की नर्व्ह? फिंकेलस्टाइन पॉझिटिव्ह, पण मुंग्याही

प्रश्न (फिजिओ_सांगली):
पेशंटचं उजवं मनगट अंगठ्याच्या बाजूला सहा आठवडे दुखतंय. फिंकेलस्टाइन (अंगठा मुठीत धरून मनगट करंगळीकडे वाकवायची चाचणी) पॉझिटिव्ह आली म्हणून डी क्वेर्वेन (मनगटाजवळ अंगठ्याच्या स्नायुबंधांचा आजार) धरून स्प्लिंट दिला. आता दुखणं वाढलंय. अंगठ्याच्या मागे मुंग्या येतात, बाही घासली तरी झोंबतं. हातात रोज घट्ट कडं असतं. ताकद नॉर्मल. एनसीव्हीला (नर्व्हमधून संदेश किती वेगाने जातो ते मोजणारी तपासणी) पाठवू का?

हाततज्ज्ञ_७:
वॉर्टेनबर्ग वाटतंय, म्हणजे रेडियल नर्व्हची (हातातला एक मज्जातंतू) वरवरची शाखा दबलीय. ती पूर्ण संवेदी आहे, त्यामुळे ताकद जाणारच नाही. स्टायलॉइडच्या (मनगटाजवळ अंगठ्याच्या बाजूचं हाडाचं टोक) साधारण ८-९ सेंमी वर ती ब्रॅकिओरेडियालिस आणि ईसीआरएल या कोपराखालच्या दोन स्नायूंच्या स्नायुबंधांमधून कातडीखाली येते. तळहात खाली वळवला की हे दोन स्नायुबंध कात्रीसारखे मिटतात. तिथून पुढे हाडावर नुसती कातडी, आणि कडं नेमकं तिथेच बसतं.

फिंकेलस्टाइनवर विसंबू नका. मनगट करंगळीकडे वाकवलं की नर्व्हही ताणली जाते. त्यापेक्षा स्टायलॉइडपासून वर बोटाने टकटक करत जा. ज्या जागी अंगठ्याच्या मागे करंट जातो तिथे पेनाने खूण करा. मग तळहात खाली, मनगट करंगळीकडे, अर्धा-एक मिनिट धरा. मुंग्या आल्या तर नर्व्ह. नेमकं स्टायलॉइडवर दाबून दुखलं आणि अडवलेला अंगठा उघडताना कळ आली तर डी क्वेर्वेन. दोन्ही एकत्रही असतात.

पेशंट 'नस आखडली' म्हणत असेल तर त्यावरून काही ठरवू नका. शीर, स्नायुबंध, नर्व्ह, आपल्याकडे सगळं नसच!

फिजिओ_सांगली:
करंट ७ सेंमीवर आला. स्प्लिंटचा वेल्क्रोही तिथेच आवळला जातो.

हाततज्ज्ञ_७:
मग दुखणं का वाढलं ते कळलं. पट्टा सैल करून जागा बदला, नाहीतर स्प्लिंट काढाच. कडं, घड्याळ बंद. स्क्रूड्रायव्हर, पिळणं, लाटणं काही आठवडे कमी. एनसीव्ही करायचीच तर दुसऱ्या हाताशी तुलना हवी. नॉर्मल आली म्हणून निदान खोटं ठरत नाही. शंका राहिली तर डॉक्टरांकडून खुणेवर १-२ मिली लिग्नोकेनचा ब्लॉक (नर्व्ह बधिर करणारं इंजेक्शन). स्टायलॉइडजवळ दिला तर डी क्वेर्वेनचं दुखणंही थांबेल आणि काहीच कळणार नाही. ब्लॉकने अंगठ्याची पाठ बधिर झाली, तरी दुखणं तसंच राहिलं तर शेजारच्या लॅटरल क्युटेनियस नर्व्हचा (कोपराखालच्या कातडीची नर्व्ह) विचार करा, दोघींचा प्रदेश एकमेकांवर चढतो. मान आणि सी ६ (मानेतून निघणारी सहावी नर्व्ह) पण तपासा. तीन ते सहा महिन्यांत फरक नसेल तरच शस्त्रक्रिया.

वॉर्ड_सिस्टर:
सलाईनवाल्यांसाठी: मनगटाजवळची सेफॅलिक शीर दिसते छान, पण नर्व्ह तिला चिकटून असते. सुई घालताना अंगठ्यात करंट गेला तर लगेच बाहेर काढा, आत चाचपडू नका. नोंद करा, आणि पुढची सुई दुसऱ्या जागी, शक्यतो मनगट आणि कोपराच्या मधल्या भागात.